बेट की खंड?

जगाचा नकाशा समोर ठेवा आणि त्यात दोन भूप्रदेश शोधा. एक ग्रीनलंड. तो वर उत्तरेला आहे आणि बर्फाने झाकलेला आहे. दुसरा ऑस्ट्रेलिया. तो खाली दक्षिणेला आहे. या दोन्हींच्या चारही बाजूंना समुद्र आहे. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात, ही व्याख्या आपण भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेली असते. या व्याख्येप्रमाणे ग्रीनलंड हे बेट आहे. ते जगातील सर्वांत मोठे बेट आहे. मग ऑस्ट्रेलियाला आपण बेट न म्हणता खंड का म्हणतो?

आज या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या हाती निदान नकाशा असतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तसा नकाशाच नव्हता. ऑस्ट्रेलिया ही एक सलग जमीन आहे, की समुद्राने तोडलेली दोन मोठी बेटे आहेत, हे युरोपात कोणालाही नक्की ठाऊक नव्हते. ते शोधून काढण्यासाठी एक तरुण दर्यावर्दी घरदार सोडून निघाला. या कामासाठी त्याने आपली तब्येत गमावली आणि कैद भोगली. त्याचे नाव मॅथ्यू फ्लिंडर्स.

मॅथ्यूचा जन्म १६ मार्च १७७४ रोजी इंग्लंडमधील डॉनिंग्टन या गावी झाला. त्याचे वडील डॉक्टर होते. मुलानेही डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. पण लहानपणी मॅथ्यूच्या हाती ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही कादंबरी पडली. एका निर्जन बेटावर अडकलेल्या माणसाची ती गोष्ट वाचून त्याला समुद्राची ओढ लागली. दर्यावर्दी होण्यासाठी नुसती हिंमत पुरत नाही, गणितही यावे लागते, हे त्याने ओळखले. त्याने घरी बसून भूमिती आणि नौकानयनाची पुस्तके स्वतःच अभ्यासली. १७८९ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो इंग्लंडच्या आरमारात दाखल झाला.

दोन वर्षांनी त्याला पहिला मोठा सागरप्रवास घडला. ब्लाय नावाच्या कप्तानाचे जहाज ताहिती बेटावरून नीरफणसाची रोपे घेऊन वेस्ट इंडीजला जाणार होते. या ब्लायने पूर्वी प्रसिद्ध संशोधक जेम्स कुक याच्या हाताखाली काम केले होते. जहाजावर मॅथ्यू नकाशे काढण्याची कला शिकला. वाटेत जहाजाने टास्मानियाच्या किनाऱ्याजवळ मुक्काम केला. त्या काळी टास्मानियाला व्हॅन डीमेनची भूमी म्हणत. एबल टास्मान या डच दर्यावर्दीने १६४२ साली ती प्रथम पाहिली होती. ती ऑस्ट्रेलियाचेच दक्षिण टोक आहे असे सगळे समजत होते. नकाशातही ती तशीच जोडून दाखवत. हा समज पुढे आपणच खोटा ठरवू, हे त्या सतरा वर्षांच्या मुलाला तेव्हा ठाऊक नव्हते.

१७९५ साली फ्लिंडर्स सिडनीला आला. इंग्रजांची ती वसाहत तेव्हा केवळ सात वर्षांची होती. जहाजावर जॉर्ज बास नावाचा एक धिप्पाड आणि उत्साही डॉक्टर होता. त्या दोघांची गट्टी जमली. सिडनीच्या पुढचा किनारा कसा आहे, हे पाहण्याची दोघांना सारखीच उत्सुकता होती. त्यांच्याजवळ मोठे जहाज नव्हते. तेव्हा त्यांनी ‘टॉम थम’ नावाची एक चिमुकली होडी घेतली आणि एका मुलाला सोबत घेऊन ते समुद्रात शिरले. अशा छोट्या होड्यांतून त्यांनी नद्या आणि खाड्या धुंडाळल्या.

पुढे बास एकटाच काही खलाशांना घेऊन दक्षिणेकडे गेला. तेथे त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. पश्चिमेकडून समुद्राच्या उंच लाटा येत होत्या आणि भरती-ओहोटीचा प्रवाह फार जोराचा होता. पश्चिमेला जमीन असती, तर एवढ्या मोठ्या लाटा तिकडून आल्या नसत्या. लाटा वाढायला मोकळा समुद्र लागतो. म्हणजे टास्मानिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मध्ये पाणी असले पाहिजे, असा बासने अंदाज बांधला. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. जमिनीला पूर्ण वळसा घातल्याशिवाय ती बेट आहे असे सांगता येत नाही.

तो वळसा घालण्याचे काम दोघा मित्रांनी अंगावर घेतले. ऑक्टोबर १७९८ मध्ये ते ‘नॉरफोक’ नावाच्या छोट्या गलबतातून निघाले. बरोबर आठ खलाशी होते. उत्तर किनारा डाव्या हाताला ठेवून ते पश्चिमेकडे जात राहिले. डिसेंबरमध्ये किनारा दक्षिणेकडे वळला. समोर अथांग समुद्र पसरलेला होता आणि नैर्ऋत्येकडून प्रचंड लाटा येत होत्या. त्या लाटा पाहून दोघांना फार आनंद झाला. एरवी खलाशी अशा लाटांना घाबरतात, पण या लाटा त्यांच्या प्रश्नाचे उत्तर घेऊन आल्या होत्या. पश्चिम किनारा, मग दक्षिण किनारा आणि मग पूर्व किनारा असा पूर्ण वळसा घालून १७९९ च्या जानेवारीत ते सिडनीला परतले. टास्मानिया हे बेट ठरले.

या शोधाचा फायदा लगेच झाला. इंग्लंडहून सिडनीला येणाऱ्या जहाजांना आता टास्मानियाच्या दक्षिणेकडून लांबचा फेरा घालावा लागत नव्हता. त्यांचे कित्येक दिवस वाचू लागले. मधल्या समुद्राला कोणाचे नाव द्यावे, असा प्रश्न आला तेव्हा फ्लिंडर्सने आपल्या मित्राचे नाव सुचवले. म्हणून नकाशात आजही त्या सामुद्रधुनीला बासची सामुद्रधुनी म्हणतात. पुढे १८०३ साली बास सिडनीहून एका जहाजातून निघाला आणि पुन्हा कधी दिसला नाही. समुद्रात त्याचे काय झाले, ते कधीच कळले नाही.

आता फ्लिंडर्सच्या मनात याहून मोठा प्रश्न घोळू लागला. ऑस्ट्रेलियाचा पश्चिम आणि उत्तर किनारा डच खलाशांनी सतराव्या शतकात पाहिला होता. त्याला ते न्यू हॉलंड म्हणत. पूर्व किनारा कुकने १७७० साली पाहिला आणि त्याला न्यू साउथ वेल्स हे नाव दिले. दक्षिण किनाऱ्याचा मोठा भाग मात्र नकाशात कोराच होता. न्यू हॉलंड आणि न्यू साउथ वेल्स या एकाच जमिनीच्या दोन बाजू आहेत, की ती दोन वेगळी बेटे आहेत? उत्तरेला कार्पेंटारियाचे मोठे आखात आहे. तेथून दक्षिण किनाऱ्यापर्यंत समुद्राची एखादी वाट जात असेल, असे काही जाणकारांना वाटत होते. तसे असते तर ऑस्ट्रेलिया हे खंड ठरले नसते.

१८०० साली फ्लिंडर्स इंग्लंडला परतला. सर जोसेफ बँक्स या मोठ्या शास्त्रज्ञाला त्याने पत्र लिहून आपली योजना कळवली. बँक्सने सरकारकडे शब्द टाकला आणि योजना मंजूर झाली. फ्लिंडर्सला ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाचे जहाज मिळाले. सोबत वनस्पतिशास्त्रज्ञ, चित्रकार आणि माळी देण्यात आले. तेव्हा इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात लढाई चालू होती. तरीही हे काम विद्येचे आहे, म्हणून फ्रेंच सरकारने या जहाजाला कोणी त्रास देऊ नये असा परवाना दिला.

निघण्यापूर्वी तीन महिने, एप्रिल १८०१ मध्ये, फ्लिंडर्सने अॅन नावाच्या मुलीशी लग्न केले. पत्नीला जहाजावर सोबत न्यावे असा त्याचा बेत होता. ही बातमी वरिष्ठांच्या कानावर गेली आणि त्यांनी सक्त मनाई केली. अॅन इंग्लंडमध्येच राहिली. १८ जुलै १८०१ रोजी जहाज निघाले. दोन-तीन वर्षांत आपण परत येऊ असे फ्लिंडर्सला वाटत होते. प्रत्यक्षात त्या दोघांची पुन्हा भेट व्हायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला.

डिसेंबरमध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’ ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाशी पोहोचले. तेथून फ्लिंडर्सने दक्षिण किनाऱ्याची पाहणी सुरू केली. त्याची काम करण्याची रीत फार काटेकोर होती. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा दिसतील इतक्या जवळून तो जहाज नेई. जेथे संध्याकाळी काम थांबे, तेथेच दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन तो पुढे सुरुवात करी. किनाऱ्याचा एकही तुकडा न पाहिलेला राहू नये, अशी त्याची धडपड असे. दिवसभराच्या मोजमापावरून तो रात्री स्वतः नकाशा काढी. जहाजाची दिशा बदलली की होकायंत्राची सुई थोडी चुकते, हेही त्याच्या लक्षात आले. जहाजावरील लोखंडामुळे असे होते, हे त्याने शोधून काढले. ही चूक दुरुस्त करण्यासाठी पुढे होकायंत्राजवळ लोखंडाची कांब बसवू लागले. तिला फ्लिंडर्सचेच नाव देण्यात आले.

फेब्रुवारी १८०२ मध्ये किनारा एकाएकी उत्तरेकडे वळला. पलीकडे जमीन दिसेना आणि भरतीचा प्रवाह उत्तरेकडून येत होता. जहाजावर एकच खळबळ उडाली. हीच ती समुद्राची वाट तर नसेल? पण त्याच दिवसांत मोठे संकट आले. पिण्याचे पाणी शोधायला गेलेली एक होडी संध्याकाळी परत येताना बुडाली. तिच्यातील आठही जण गेले. दुसऱ्या दिवशी फुटलेली होडी सापडली, माणसे मात्र सापडली नाहीत. फ्लिंडर्सने तेथील भूशिराला संकटाचे भूशिर असे नाव दिले आणि बुडालेल्या साथीदारांची नावे जवळच्या बेटांना दिली.

जड मनाने जहाज उत्तरेकडे निघाले. पण हळूहळू दोन्ही किनारे जवळ येऊ लागले. पाणी उथळ झाले. शेवटी होडी पुढे नेल्यावर केवळ चिखल, तिवराची झाडे आणि एक अरुंद खाडी दिसली. समुद्राची वाट तेथेच संपली. ते नुसते एक आखात होते. त्याच्या पूर्वेचे दुसरे आखातही असेच बंद निघाले. दोन बेटांची कल्पना आता डळमळू लागली.

या दोन आखातांच्या तोंडाशी त्यांना एक मोठे बेट लागले. तेथे माणसाची वस्ती नव्हती. कांगारू मात्र पुष्कळ होते. माणसे जवळ आली तरी ते पळत नव्हते. समोरच्या मुख्य जमिनीवरचे कांगारू असे वागत नसत. तेथे माणसे त्यांची शिकार करत. या बेटावर शिकारी नसल्यामुळे भीतीही उरली नव्हती. कित्येक महिने ताजे अन्न न मिळालेल्या खलाशांनी तेथे पोटभर मांस खाल्ले. फ्लिंडर्सने त्या जागेला कांगारू बेट हे नाव दिले. थोड्याशा पाण्यानेही बेटावरचे जीवन मुख्य भूमीपासून किती वेगळे होते, हे त्या प्राण्यांकडे पाहून कळते.

पुढे एप्रिलमध्ये समोरून एक फ्रेंच जहाज आले. बोदँ नावाचा फ्रेंच कप्तान त्याच किनाऱ्याचा नकाशा काढत होता. लढाई चालू आहे असे समजून दोन्ही जहाजे सावध झाली. पण दोघेही विद्येच्या कामासाठी आले होते. ते भेटले आणि त्यांनी एकमेकांना आपली माहिती सांगितली. मे महिन्यात फ्लिंडर्स सिडनीला पोहोचला.

जुलै १८०२ मध्ये तो पुन्हा निघाला. या वेळी त्याला संपूर्ण ऑस्ट्रेलियाला वळसा घालायचा होता. सोबत बंगारी नावाचा तेथील आदिवासी तरुण होता. पूर्वीच्या एका सफरीतही तो फ्लिंडर्सबरोबर गेला होता. अनोळखी किनाऱ्यावर लोक भाले घेऊन उभे राहिले, की बंगारी हत्यार न घेता एकटाच पुढे जाई आणि त्यांची समजूत घाली. उत्तरेकडील लोकांची भाषा त्यालाही येत नव्हती, तरी आपल्या वागण्याने तो त्यांचा विश्वास मिळवी. संपूर्ण ऑस्ट्रेलियाला समुद्रमार्गे वळसा घालणारा तो पहिला आदिवासी म्हणून ओळखला जातो.

नोव्हेंबरमध्ये जहाज कार्पेंटारियाच्या आखातात आले. जहाजात पाणी येत होते म्हणून सुतारांनी फळ्या तपासल्या. जागोजागी लाकूड कुजलेले होते. वादळात सापडले तर जहाज बुडेल आणि हवा चांगली राहिली तरी फार तर सहा महिने टिकेल, असे त्यांनी सांगितले. फ्लिंडर्स चिंतेत पडला. मागे फिरावे, तर तो मार्गही धोक्याचाच होता. त्याने आखाताची पाहणी पुढे चालू ठेवली. सगळा किनारा पाहून झाला. दक्षिणेकडे जाणारी समुद्राची वाट येथेही नव्हती. उत्तरेकडून आणि दक्षिणेकडूनही एकच उत्तर मिळाले.

फेब्रुवारी १८०३ मध्ये, आखाताच्या बाहेर पडताना, त्यांना सहा गलबते दिसली. ती समुद्री चाच्यांची असावीत अशी शंका आली. पण ते मकासर बंदराकडचे मुसलमान दर्यावर्दी होते. हे बंदर आजच्या इंडोनेशियात आहे. फ्लिंडर्सच्या जहाजावरचा आचारी मलायी भाषा बोलत असे. तो दुभाषा झाला. पोबासू हा त्या दर्यावर्दींचा नाखवा. समुद्रकाकडी गोळा करण्यासाठी आपण वीस वर्षांत सहा-सात वेळा येथे आलो आहोत, असे त्याने सांगितले. ही समुद्रकाकडी उकडून, वाळवून ते चिनी व्यापाऱ्यांना विकत. त्यांच्याजवळ नकाशा नव्हता, फक्त एक लहानसे होकायंत्र होते. फ्लिंडर्सने त्यांना आदराने वागवले आणि जवळच्या एका बेटाला पोबासूचे नाव दिले.

ही भेट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. जो किनारा युरोपच्या नकाशात अस्पष्ट होता, तो मकासरच्या लोकांना चांगला माहीत होता. तेथील आदिवासींशी त्यांचा व्यापार चाले. आजही त्या भागातील योलंगू आदिवासींच्या भाषेत पैशाला रुपिया म्हणतात. आपल्या ओळखीचा हा शब्द मकासरच्या गलबतांबरोबर तिकडे गेला. आदिवासी तर त्या भूमीवर हजारो वर्षांपासून राहत होते. फ्लिंडर्सने तो देश निर्माण केला नाही की पहिल्यांदा पाहिलाही नाही. त्या सगळ्या देशाचा आकार मात्र त्याने पहिल्यांदा मोजून कागदावर आणला.

जहाज फार काळ टिकणार नव्हते. म्हणून त्याने पाहणी आवरती घेतली आणि पश्चिमेकडून वळसा पूर्ण केला. वाटेत आमांशाने त्याचे काही साथीदार दगावले. ९ जून १८०३ रोजी ‘इन्व्हेस्टिगेटर’ सिडनीला परतले. न्यू हॉलंड आणि न्यू साउथ वेल्स यांच्या मध्ये समुद्र नाही. ही एकच सलग जमीन आहे. फ्लिंडर्सचा प्रश्न सुटला होता.

आता नकाशे इंग्लंडला न्यायचे होते. फ्लिंडर्स ‘पॉर्पस’ नावाच्या जहाजाने निघाला. ऑगस्टमध्ये एका रात्री ते जहाज आणि त्याच्या सोबतचे दुसरे एक जहाज प्रवाळाच्या खडकावर आपटून फुटले. तिघे बुडाले. बाकीचे नव्वदहून अधिक लोक एका वाळूच्या पट्टीवर चढले. भरतीच्या पाण्यापासून ती जेमतेम तीन-चार फूट उंच होती. ते सुद्धा एक बेटच होते. पण तेथे झाड नव्हते आणि प्यायला पाणीही नव्हते. फ्लिंडर्स काही खलाशांना घेऊन एका उघड्या होडीतून निघाला. सुमारे हजार किलोमीटरहून अधिक अंतर तोडून तो सिडनीला पोहोचला आणि मदत घेऊन परत आला. वाळूवर वाट पाहणारी सगळी माणसे वाचली.

तेथून तो ‘कंबरलँड’ नावाच्या एका लहान गलबतातून इंग्लंडकडे निघाला. गलबतात सतत पाणी शिरत होते. नाइलाजाने डिसेंबर १८०३ मध्ये तो मॉरिशस बेटावर उतरला. तेव्हा हे बेट फ्रेंचांच्या ताब्यात होते. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात थांबलेली लढाई पुन्हा सुरू झाली आहे, हे त्याला तेथेच कळले. आपल्याजवळ फ्रेंच परवाना आहे, म्हणून तो निश्चिंत होता. पण परवाना ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजासाठी होता, ‘कंबरलँड’साठी नव्हता. शिवाय त्याच्याजवळ सिडनीच्या गव्हर्नरची सरकारी पत्रे सापडली. एवढ्या लहान गलबतातून कोणी सिडनीहून येईल, यावर फ्रेंच गव्हर्नर देकाँ याचा विश्वास बसला नाही. त्याने फ्लिंडर्सला हेर ठरवून अटकेत ठेवले. नंतर देकाँने जेवायचे आमंत्रण पाठवले, तेव्हा रागावलेल्या फ्लिंडर्सने ते नाकारले. दोघेही मानी होते. त्या एका नकाराने गव्हर्नर अधिकच चिडला.

काही महिन्यांचा वाटणारा मुक्काम साडेसहा वर्षांचा झाला. फ्रान्सहून सुटकेचा हुकूम १८०७ साली आला, तरी देकाँने त्याला आणखी तीन वर्षे सोडले नाही. या काळात त्याचा एक लाडका सोबती होता. तो म्हणजे ट्रिम नावाचा काळा बोका. त्याचे पंजे पांढरे होते. ट्रिमचा जन्म जहाजावर झाला होता. त्याने ऑस्ट्रेलियाला वळसा घातला होता आणि जहाज फुटले तेव्हाही तो वाचला होता. मॉरिशसमध्ये तो एकाएकी नाहीसा झाला. फ्लिंडर्सला फार दुःख झाले. त्याने ट्रिमवर एक सुंदर लेख लिहिला.

पुढे त्याला शहराबाहेर एका फ्रेंच कुटुंबात राहण्याची परवानगी मिळाली. गव्हर्नर कठोर होता, पण तेथील कित्येक फ्रेंच लोक फ्लिंडर्सशी मायेने वागले. त्याच्या सुटकेसाठी त्यांनी पॅरिसला अर्ज पाठवले. फ्लिंडर्स फ्रेंच भाषा शिकला. अॅनला पत्रे लिहू लागला. आणि मुख्य म्हणजे, आपले नकाशे त्याने कैदेतच तयार केले. १८०४ साली त्याने संपूर्ण भूमीचा एक मोठा नकाशा काढला आणि त्यावर ऑस्ट्रेलिया हे नाव लिहिले. खंडाला वळसा घालणारा माणूस एका लहान बेटावर अडकून पडला होता. याच मॉरिशसमध्ये पुढे हिंदुस्थानातून हजारो मजूर नेण्यात आले. त्यांत कोकणातले मराठी बोलणारे लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे राहतात.

आता आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बेट आणि खंड यांत पहिला फरक आकाराचा आहे. ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७६ लाख चौरस किलोमीटर आहे. ग्रीनलंडचे सुमारे २१ लाख. म्हणजे ऑस्ट्रेलिया साडेतीन पटींहून मोठा आहे. पण किती मोठी जमीन झाली म्हणजे तिला खंड म्हणावे, असा कोणताही पक्का नियम नाही. ती माणसांनी ठरवलेली रीत आहे.

दुसरा फरक जमिनीच्या पोटात आहे आणि तो विसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी समजावून दिला. पृथ्वीचे कवच मोठमोठ्या तुकड्यांचे बनलेले आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात. ग्रीनलंड हे उत्तर अमेरिकेच्या भूपट्टावर आहे. म्हणजे ते एका मोठ्या खंडाचाच भाग आहे. ऑस्ट्रेलिया दुसऱ्या कोणत्याही खंडाचा भाग नाही. टास्मानियाची गोष्ट आणखी वेगळी आहे. बासच्या सामुद्रधुनीचे पाणी फार खोल नाही. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती, तेव्हा टास्मानिया ऑस्ट्रेलियाला जोडलेला होता आणि माणसे तेथे चालत गेली. दहा हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी समुद्र चढला आणि टास्मानिया बेट झाला. म्हणून वरून पाहिले तर ते बेट आहे, तळाशी पाहिले तर खंडाचा तुकडा आहे. मॉरिशस मात्र कोणत्याही खंडापासून असे तुटलेले नाही. ते ज्वालामुखीमुळे भर समुद्रात वर आलेले बेट आहे. फ्लिंडर्सच्या आयुष्यात ही सगळी रूपे आली: खंड, खंडाजवळचे बेट, प्रवाळावरची वाळू आणि ज्वालामुखीचे बेट.

जून १८१० मध्ये त्याची सुटका झाली. ऑक्टोबरमध्ये तो इंग्लंडला पोहोचला. अॅन त्याची वाट पाहत होती. १८१२ साली त्यांना मुलगी झाली. पण फ्लिंडर्सची तब्येत खालावली होती. मूत्राशयाच्या आजाराने त्याला असह्य वेदना होत. तरीही तो रोज टेबलाशी बसून आपल्या प्रवासाचा ग्रंथ लिहीत राहिला. ग्रंथाच्या नावात ऑस्ट्रेलिया हा शब्द असावा असे त्याला वाटत होते. वरिष्ठांनी ते मान्य केले नाही. तेव्हा त्याने ते नाव एका तळटीपेत सुचवले.

१८ जुलै १८१४ रोजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. छापलेली प्रत त्याच्या उशाशी ठेवण्यात आली, तेव्हा तो बेशुद्ध होता. दुसऱ्याच दिवशी तो वारला. त्याचे वय अवघे चाळीस वर्षांचे होते.

त्याने सुचवलेले नाव मात्र टिकले. १८१७ पासून सिडनीचे गव्हर्नर मॅक्वारी सरकारी पत्रांत ऑस्ट्रेलिया हे नाव वापरू लागले. १८२४ साली इंग्लंडच्या आरमारानेही ते मान्य केले. त्याचे नकाशे कित्येक दशके जहाजांना वाट दाखवत राहिले. याच नकाशांच्या आधारे वसाहती वाढल्या आणि आदिवासींच्या जमिनी हिसकावल्या गेल्या, हेही विसरता येत नाही.

लंडनमधील त्याच्या कबरीची खूण पुढे हरवली. त्या जागी रेल्वे स्टेशन वाढत गेले. जानेवारी २०१९ मध्ये नव्या रेल्वेमार्गासाठी खोदकाम चालू असताना शिशाच्या पत्र्यावर त्याचे नाव सापडले. जुलै २०२४ मध्ये त्याला त्याच्या जन्मगावी, डॉनिंग्टन येथे, पुन्हा दफन करण्यात आले.

किनाऱ्यावर उभे राहून बेट आणि खंड यांतला फरक कोणालाही दिसत नाही. दोन्हीकडे तीच वाळू असते आणि त्याच लाटा असतात. तो फरक कळण्यासाठी किनाऱ्याकिनाऱ्याने चालत राहावे लागते आणि वळसा पूर्ण करावा लागतो. मॅथ्यू फ्लिंडर्सने तो पूर्ण केला.